भावोजींचं चपटं भिंग

आमच्या भावोजींच्या सदऱ्याचा डावा खिसा चारचौघांच्या खिशापेक्षा खोल होता. मालवणच्या शिंप्याकडून त्यांनी तो मुद्दाम तसा शिवून घेतला होता, कारण त्यात त्यांचा कॅमेरा राहायचा. कुणाशी बोलत उभे असले की मध्येच हात खिशाकडे जायचा, कॅमेरा डोळ्याला लागायचा आणि परत आत जायचा. बोलणं तुटायचं नाही. समोरच्याला कळलंच आणि तो सावरून उभा राहिला, तर भावोजी हसून म्हणायचे, "फोटो काढून झालो. आता ताठ रवान काय करतंस?"

दत्ताराम हे त्यांचं नाव. माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. आगबोटीवर इंजिनखात्यात होते. वर्षातले बरेच महिने समुद्रावर आणि उरलेले मसुऱ्याला, घरी. माझं लग्न होऊन मी मसुऱ्याला आले ती पन्नास सालानंतर लगेच. माझे यजमान मुंबईला नोकरीत, त्यामुळे घरात मी आणि सासूबाई. भावोजी रजेवर आले की घर भरल्यासारखं वाटायचं. विहिरीचं पाणी काढायला, नारळ सोलायला, गुरांना चारा घालायला ते कधी लाजले नाहीत. मला 'वैनी' म्हणत, पण वागत पाठच्या भावासारखे.

मग त्यांचं लग्न झालं. मुलगी जामसंड्याची, इंदू. अंगाने बारीक, आवाज गोड, हात कामाला चपळ. लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या आणि चेहऱ्यावर त्यांचे वण राहिले होते. भावोजींनी तिला बघून, बोलून पसंत केलं होतं. घरात त्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. लग्नात मात्र हौसेने मालवणहून फोटोवाला बोलावला. तीन पायांच्या घोडीवर पेटीएवढा कॅमेरा, पुढे नळकांड्यासारखी लेन्स, वर काळं कापड. त्याने सगळ्यांना श्वास रोखायला लावला आणि प्रकाशाचा भपका उडवला. महिन्याभराने फोटो आला. त्या भपक्याने इंदूच्या चेहऱ्यावरचा वण न् वण कागदावर उतरवला होता. लग्नाला आलेली एक नातेवाईक बाई तो हातात घेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "फोटोत जास्तच दिसतत, नाय?" इंदूने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यादेखत तिने तो फोटो चुलीत घातला आणि वर भाकरीचा तवा ठेवला. भावोजींना ते नंतर कळलं.

पुढच्या खेपेला ते आले ते हा कॅमेरा घेऊनच. जपानातल्या कुठल्याशा बंदरात दुकानदाराने त्यांच्यासमोर दोन लेन्स ठेवल्या होत्या. एक मोठी, पुढे आलेली, दिव्याच्या उजेडातही फोटो काढणारी. दुसरी अगदी चपटी, बोटभरही जाड नाही, पण तिला उजेड भरपूर लागणार. भावोजींनी चपटी घेतली. पडवीत बसून त्यांनी मला ती दाखवली. कॅमेऱ्यावर लावली तरी कॅमेऱ्याला तोंड फुटल्यासारखं वाटत नव्हतं.

"ह्यां आमचां घावन," ते म्हणाले. आमच्याकडे तांदळाच्या पिठाचं पातळ घावन करतात, तशीच ती चपटी होती, म्हणून हे नाव. पुढे घरात सगळे तिला घावनच म्हणू लागले.

तिचे गुण सांगताना भावोजी थकत नसत. वजन नाही, त्यामुळे गळ्याला दोरी काचत नाही. होडीत एक हात काठीला असला तरी दुसऱ्या हाताने फोटो निघतो. आत काचा मोजक्या, म्हणून खारं वारं लागून बिघडायला फारसं काही नाही. पावसाळ्यात ते तिला भाजलेल्या तांदळांबरोबर डब्यात ठेवत, म्हणजे दमट हवेने काचेवर बुरशी धरत नसे. दूरचं माणूस तिच्यात जवळ येत नसे. त्याबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "मगे आपणच जवळ जावचां. माणसाकडे चलान जावक नको?" पण सगळ्यात मोठा गुण त्यांनी शेवटी, जरा आवाज उतरवून सांगितला. "भिंग मोठां असलां काय समोरचो माणूस ल्हान जाता, वैनी. भियेता. ह्याका कोण भियेवचो नाय." बोलताना त्यांची नजर आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली, तेव्हा मला कळलं की ही लेन्स कुणासाठी आली आहे.

इंदूलाही ते कळलं. तिने कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, घावनावरून पदराने धूळ पुसली आणि परत दिला. "सगळ्यांचे काढा," ती म्हणाली, "माजो तेवडो नको. माका वाटात तेवां मीच सांगान."

भावोजी "बरां" म्हणाले आणि तो शब्द त्यांनी पाळला. हे सोपं नव्हतं. त्या कॅमेऱ्याने चोरून फोटो काढणं हे त्यांचं रोजचं काम होतं. भात पाखडणाऱ्या सासूबाई, आंगणेवाडीच्या जत्रेत बांगड्या भरून घेणाऱ्या बायका, खाडीत जाळं टाकणारे गाबीत, सगळे त्यांच्या खिशात जाऊन आले होते. सासूबाई तर फोटोवाल्यापुढे कोर्टात उभं केल्यासारख्या दिसत. घावनाने काढलेल्या फोटोत त्या हसत होत्या, आणि आपण हसतो हे बघून त्यांनाच नवल वाटलं. इंदू दिवसभर भावोजींच्या नजरेसमोर असायची. एकदा तरी हात चुकून जाईल असं मला वाटे. पण ती अंगणात आली की ते खिशाचं बटण लावत. मीच एकदा म्हटलं, तिला न कळत एक काढून ठेवा की. ते म्हणाले, "तिका कळाचां नाय, पण माका कळात मां?"

अशी काही वर्षं गेली. मग इंदूला दिवस राहिले. घरात पहिलंच मूल यायचं होतं. माझी कूस उजवली नव्हती, त्यामुळे सासूबाईंचा जीव तिच्यावर जडला होता. भावोजी रजा वाढवून राहिले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. इंदूला हिरवं लुगडं नेसवलं, केसात फुलांची वाडी भरली, वाडीतल्या बायका दुपारभर गाणी म्हणत बसल्या. त्या दिवशी इंदू सुंदर दिसत होती. हे मी उगाच म्हणत नाही. सगळ्याच तसं म्हणत होत्या आणि ती प्रथमच मान खाली न घालता ऐकत होती.

बायका गेल्या, तिन्हीसांजा झाल्या. भावोजी पडवीत केळीची पानं गोळा करत होते. इंदू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी आत दिवा लावत होते.

"आज काढा माजो," ती म्हणाली.

भावोजींच्या हातातली पानं खाली पडली. त्यांनी कॅमेरा काढला, डोळ्याला लावला, खाली घेतला. बाहेर माडांच्या मागे उजेड विझत आला होता. आतल्या दिव्याने जेमतेम चौकट दिसत होती. त्यांनी तिला दोन पावलं पुढे यायला सांगितलं, परत पाहिलं. मग म्हणाले, "आता काळो येतलो गो. फाल्यां सकाळी काढूया. आंगणात, उन्हात. बरो येतलो."

इंदू हसली आणि "फाल्यां तर फाल्यां" म्हणाली. निजताना तिने वाडी काढली नाही. सकाळी परत कोण भरणार, म्हणून तशीच एका कुशीवर निजली.

पहाटे तिला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. सुईण आली, तिने बघितलं आणि डॉक्टरला आणायला सांगितलं. माणूस धावला, पण खाडीला ओहोटी होती, होडी गाळात अडकली. डॉक्टर पोचले तेव्हा मुलगी जन्मली होती आणि इंदू गेली होती. अंगणात लख्ख ऊन पडलं होतं.

तिला बाहेर आणून निजवलं. केसात फुलं होती. वाडीतला एक म्हातारा, वाईट हेतू नव्हता त्याचा, भावोजींजवळ येऊन म्हणाला की पोरीसाठी एक फोटो काढून ठेव, उद्या विचारील. आजूबाजूचे आणखी दोघे तेच म्हणाले. भावोजींनी खिशाचं बटण लावलं. मग म्हणाले, "तिणा जित्या तोंडाक हो म्हटल्यान. ह्या तोंडाक नाय."

सासूबाईंनी आणि मी ती सातव्या महिन्याची मुलगी कापसात गुंडाळून जगवली. तिचं नाव शैला. भावोजी रजा संपली तरी गेले नाहीत. दिवसचे दिवस पडवीत बसून असायचे. एका दुपारी मी त्यांना चहा नेऊन दिला, तेव्हा ते माझ्याकडे न बघता बोलले. "मोठां भिंग घेतलां असतां तर त्या दिव्याच्या उजेडात इलो असतो फोटो. दुकानदार सांगी होतो माका."

मी म्हटलं, "भावोजी, मोठी लेन्स असती तर इंदू दारात आलीच नसती."

त्यांनी कप खाली ठेवला आणि लहान मुलासारखे रडले. इंदू गेल्यापासून ते तेव्हा पहिल्यांदा रडले.

पुढे ते बोटीवर परत गेले, येत-जात राहिले. कॅमेरा त्यांनी टाकला नाही. फक्त 'फाल्यां', म्हणजे उद्या, हा शब्द पुन्हा कधी त्यांच्या तोंडी आला नाही. कुणी फोटो काढ म्हणालं की असेल त्या उजेडात काढायचे. सांजवेळी, पावसात, अंधाऱ्या माजघरात. बरेच फोटो नुसते काळे यायचे. लोक कुरकुरायचे, तर म्हणायचे, "काळो तर काळो. काढलोसा मां?"

शैला पाच-सहा वर्षांची असताना इंदूची धाकटी बहीण जामसंड्याहून आली. तोंडावळा बराचसा इंदूचा, पण चेहरा नितळ. सासूबाईंनी भावोजींकडून तिचा फोटो काढून घेतला. तो धुऊन आला तेव्हा शैलाला मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "ही बघ तुजी आवस." त्यांना वाटलं, पोरीला आईचा एक चेहरा मिळेल, काय बिघडतं. मलाही वाटलं, गप्प राहावं.

भावोजींनी आईच्या हातून फोटो हळूच काढून घेतला. "ही मावशी तुजी," त्यांनी शैलाला सांगितलं. "आवशीचो फोटो नाय आमच्याकडे. तिच्या तोंडार वण होते." सासूबाई उठून आत गेल्या.

शैलाने विचारलं, "खंय होते?"

त्यांनी तिला समोर बसवलं आणि आपलं बोट तिच्या कपाळावर टेकवलं. "हयसर एक." मग भुवईच्या टोकाशी, नाकाच्या बाजूला, गालावर, हनुवटीखाली. एकाही ठिकाणी बोट अडलं नाही. शैलाला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती आणि "आणि खंय?" विचारत होती. ते सांगत होते. मी तिथून उठून परसात गेले, कारण मला ते बघवेना.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी परदेशातल्या एका बंदरात ते छातीत कळ येऊन गेले. तिथेच त्यांना पुरलं. कंपनीची तार आली तेव्हा माझे यजमान मुंबईहून येऊन पोचायचे होते, त्यामुळे शैलाला सांगायचं माझ्यावर आलं. मी तिला पडवीत बसवून सांगितलं. ती रडली नाही. मग म्हणाली, "काकी, बाबांच्या जवळ कोण होता?"

तारेत तसं काही नव्हतं. "होतं गं कुणीतरी, गावचंच माणूस होतं," असं मी म्हणणार होते. शब्द ओठांवर आले होते. पण या पोरीला भावोजींनी एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

"माका म्हायत नाय गो बाय," मी म्हटलं.

तेव्हा कुठे तिने माझ्या मांडीत तोंड खुपसलं आणि रडायला लागली.