लेकीच्या घरी, नऊ वर्षं उशिरा: शहापूर ते सदलगा

बेळगावच्या शहापुरातून सदलगा काही लांब नाही. सकाळी आठला घर सोडलं, निपाणीला गाडी बदलली की माणूस दुपारच्या जेवणाला पोचतं. मला नऊ वर्षं लागली.

हा ब्लॉग माझ्या नातीचा, मानसीचा. हिंडते ती, लिहिते ती. या खेपेला म्हणाली, "आजी, ही वाट तुझी हाय, तूच लिही." मी चौथी शिकलेली. वहीत लिहून दिलंय, ऱ्हस्व-दीर्घ तिनं बघितलंय. गोड लिहायला मला येत नाही. गोड पाहिजे असेल त्यानं कुंदा खावा.

निघायचं कारणही मानसीच. पुण्यात कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. मोठा हॉल, भिंत कुठंच नाही, सगळे एकाच वेळी फोनवर बोलणार. रोज संध्याकाळी हिचं डोकं फुटायचं, रात्री झोप नाही. रजा घेऊन घरी आली. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं म्हणे, काही माणसं जन्मतःच जास्त टिपतात. आवाज, उजेड, दुसऱ्याच्या तोंडावरचा राग, सगळं त्यांच्या आत दुप्पट जातं. आजार नाही, ठेवणच तशी. अतिसंवेदनशील म्हणतात त्याला.

मी म्हणाले, "एवढा लांब शब्द? आमच्यात ह्याला रडूबाई म्हणत्यात."

पोरगी भांडली नाही. एवढंच विचारलं, "आपल्या घरात असं आणि कोण होतं गं?"

मी लसूण सोलत होते. हात थांबला. आमची सुलू, माझी धाकटी लेक.

आमच्या घराचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुढच्या खोलीत चार पॉवरलूम, मागं आम्ही. साड्या विणतो. माग चालू असले की आमच्यात कुणी बोलत नाही, सगळे ओरडतात. माझा उजवा कान त्यातच गेला, डावा निम्मा आहे. सवयीनं होतं सगळं, असं आम्ही धरून चालतो. म्हणून आमच्या गल्लीत बाळाचा पाळणा मागाशेजारीच बांधायचा. आठ दिवस रडतं, मग त्या खडखडीतच झोपतं. माझी तीन पोरं तशीच झोपली. चौथी सुलू, ती काही झोपली नाही. मोठी झाल्यावर कानात कापसाचे बोळे घालून मागावर बसायची. एकदा चार बायका आलेल्या असताना मी ते बोळे ओढून काढले आणि चुलीत टाकले. म्हणाले, "विणकराच्या पोटी मेणाची बाहुली आली बघा." बायका हसल्या. मीही हसले.

लग्न होऊन सदलग्याला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. दिवाळीच्या साड्यांचं काम अंगावर होतं, माग दोन पाळ्या चालू. मी पाळणा मागाशेजारी बांधला. तिनं हात जोडले, "आई, मागच्या खोलीत बांध." मी म्हणाले, "सवय हुईल पोरीला. तुझ्यासारखी नको व्हायला." नवव्या दिवशी ओली बाळंतीण तान्ही पोर घेऊन रिक्षात बसली. बारसं सदलग्यात झालं. जावयाचं बोलावणं आलं होतं, मी रुसून गेले नाही. तेव्हापासून सणावाराला सुलू येते, पण तासभर टेकते आणि संध्याकाळची गाडी धरते. रात्री ती या घरात राहिली नाही, आणि मी तिचा उंबरा बघितला नाही.

म्हणून निघाले. तिला एकदा राहायला ये म्हणायचं, एवढंच मनात होतं.

आता जाणाऱ्यांसाठी. बेळगावच्या मोठ्या स्टँडवरून निपाणीच्या गाड्या सारख्या सुटतात. कर्नाटकच्या साध्या गाडीत आम्हा बायकांना तिकीट पडत नाही, पण आधार कार्ड पाहिजे. पिशवीच्या तळाला ठेवू नका. मी ठेवलं होतं. ते काढताना कुंद्याचा डबा, सुलूसाठी घेतलेली साडी आणि माझी कवळी एवढं सगळं कंडक्टरच्या पुढ्यात आलं. तो कानडीत म्हणाला, "सावकाश, आजी, बाजार मांडू नका." मी कानडीतच सांगितलं, "घेणार असशील तर मांडते."

हायवे रुंद करायचं काम चाललंय, धूळ फार. खिडकीची जागा धरली तर डोक्याला पदर घ्या. हत्तरगीच्या पुढं एकानं मोबाईलवर गाणी लावली. मानसीनं डोळे मिटून घेतले, बोटं कानावर. मला ऐकू येत नव्हतं, पण तिचा चेहरा मी ओळखला. तसाच चेहरा पंधरा वर्षं माझ्या घरात मागावर बसला होता.

मी मागं वळले. "अण्णा, गाणं तुमचं, गाडी सगळ्यांची."

"आजी, तुमास्नी तरास हुतोय व्हय?"

"मला कुठला? मी भैरी हाय. नातीला हुतोय."

त्यानं बंद केलं. मानसी माझ्या डाव्या कानाशी म्हणाली, "एवढं सोपं असतं?" तेव्हा मला वाटलं, सुलूसाठी मी एकदा तरी कुणाला असं बोलले असते तर? आठवून बघितलं. एकदाही नाही.

निपाणीत उतरलं की तंबाखूचा वास येतो, तो आपल्याला येतो आणि गावाला येत नाही. मानसीला शिंका लागल्या. स्टँडबाहेर वडा आणि चहा घेतला. वडा झणझणीत आहे, रस्सा मागून घ्या, ते आपण होऊन देत नाहीत. सदलग्याच्या गाडीला तास लागला. बेडकिहाळ मागं पडलं की दोन्ही बाजूला नुसता ऊस, गाडी लहान आणि वाट चिंचोळी. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की आपली गाडी मागं घ्यायची. ट्रॅक्टरवाला काही मागं घेत नाही.

सुलूचं घर गावाच्या कडेला, मळ्याला लागून. दार उघडलं तिनं. मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "आत ये. चप्पल हितं काढ, आत चुलीवरचं पानी सांडलंय." नऊ वर्षांनी दारात आलेल्या आईला पहिलं वाक्य हे. तिच्या जागी मी असते तरी हेच म्हणाले असते.

घरात टीव्ही नाही, कुकर नाही. शिट्टी सोसत नाही म्हणून भात पातेल्यात. जावई आणि त्याची आई शेतात, सुलूची पोर शाळेत. मधल्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली बीम ठेवलेला, म्हणजे ज्यावर उभे धागे गुंडाळलेले असतात तो रूळ. मला वाटलं, इथंही माग घातला काय? माग नव्हता. सुलू वहीफणी करते. नवा बीम मागावर चढवायच्या आधी त्याचा एकेक धागा दोरीच्या वहीतून आणि मग फणीच्या दातातून ओवावा लागतो. हजारांनी धागे. एक चुकला तर सगळ्या साडीत रेघ पडते. आसपासच्या गावांतले मागवाले बीम टेम्पोत घालून हिच्या दारात आणतात.

आमच्या घरी हे काम मागांच्या गोंगाटातच उरकतात आणि चार शिव्या देऊन पुन्हा उसवतात. सुलू डोळे अर्धे मिटून ओवत होती. मध्येच थांबली, दोन बोटं मागं सरकवली. "ह्यो दुहेरी आलाय." चष्मा लावून मी बघितलं तरी मला एकच दिसला. सुईनं सोडवला तेव्हा दोन निघाले.

तेवढ्यात एक मागवाला आला. दारातूनच म्हणाला, "आक्का, एक बीम जादा घ्या की आज. माग उभाच हाय."

"न्हाय. दुपारी एक वाजला की मी हात लावत न्हाय."

"वरती देतो की थोडं."

"तसं न्हाय, दादा. दुपारनं बोटास्नी कळत न्हाय. चुकला तर शिवी तुमीच देणार. उद्या सकाळी सातला आणा."

तो गेला आणि जाताना म्हणाला, "बरं आक्का, सातला." मी तोंड उघडं टाकून बघत बसले. आमच्या घरात बाईनं गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मी स्वतः कधी म्हटलं नाही.

मानसीनं तिच्यापुढं सगळं ओतलं. हॉल, फोन, झोप. सुलूनं ऐकलं आणि भाकरी थापत सांगितलं, "नोकरी सोड म्हनणार न्हाय मी. माग सोडला तवा मला वाटलं, आता मी कामाचीच न्हाय. मग घरात एकटी बसून ह्ये शिकले. सकाळी चांगलं जमतं, तवाच करायचं. जेवल्यावर तासभर दार लावून पडायचं, कोन आलं तरी. पाव्हनं एका वेळी एक. सासू पयल्यांदा चिडली. आता तीच लोकास्नी सांगती, एक वाजला, जावा म्हनून. तुझं कशानं बिघडतं ते लिहून काढ आन् साहेबाला सांग. रडत सांगू नको. कामाचं बोलल्यागत सांग."

"आणि नाही ऐकलं तर?"

"मग दुसरा साहेब बघ. पर आधी इचार तरी. मी घरात कधी नीट इचारलंच न्हाय, नुसती रडायची."

हे ती मानसीला सांगत होती. विचारलं होतं तिनं, पाळण्याच्या वेळी हात जोडून विचारलं होतं. ती विसरली असेल असं मला वाटत नाही. मला वाचवलं तिनं नातीपुढं.

जेवण झालं. भाकरी, वांगं, शेंगाची चटणी. ती दार लावून पडायला गेली, आम्ही दोघी ओसरीत गप्प बसलो. उठून चहा केला तिनं तेव्हा मी म्हणाले, "एकदा राहायला ये की. पोरीला घिऊन."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माग बंद ठेवशील, आई? एक दिवस?"

आणि मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "मग ऐतवारी ये की. लाईनीचं काम हाय, दिवसभर लाईट जाणारच हाय."

सुलू हसली. "बरं," म्हणाली. उठली आणि वाटेला भाकरी बांधायला लागली. साडी ठेवून घेतली, कुंदा ठेवून घेतला. स्टँडपर्यंत सोडायला आली. मला वाटलं, काम झालं.

परतीची निपाणीची शेवटची गाडी लवकर जाते, चौकशी करून ठेवा. निपाणीहून बेळगावच्या गाडीत बसल्यावर मानसी म्हणाली, "आजी, आत्या यायची नाही."

"बरं म्हणाली की."

"तिनं विचारलं, तू बंद ठेवशील का. तू म्हणालीस, लाईट जाणार आहे."

"मग? बंद ते बंदच."

संकेश्वर आलं, गेलं. बाहेर धूळ तशीच. मला हळूहळू कळत गेलं. लेकीनं आयुष्यात दुसऱ्यांदा माझ्याकडं काही मागितलं, आणि ज्या दिवशी माझं काहीच जाणार नव्हतं तो दिवस काढून मी तिच्या हातावर ठेवला. वर त्यात मला शहाणपणा वाटला. शिळी भाकरी दारात आलेल्याला देतात तसा दिला तो दिवस.

ऐतवारी लाईट गेली. दिवसभर माग बंद. सुलू आली नाही.

मानसी पुण्याला गेली. साहेबाला कामाचं बोलल्यागत बोलली. कोपऱ्यातलं टेबल दिलंय, सकाळचे दोन तास फोन नाही. पुढचं पुढं. मी मात्र तिला जाताना रडूबाई म्हणाले नाही, एवढाच माझा बदल. सहासष्टाव्या वर्षी आणि किती होणार?

बुधवारी सकाळी दहाला मी मागाच्या खोलीत गेले. चारही माग चालू. मोठ्या लेकाला, रमेशला, म्हणाले, "बंद कर."

"काय झालं? धोटा उडाला?"

"काय न्हाय झालं. चारी बंद कर."

"आई, लाईट हाय. काम अंगावर हाय."

"म्हनूनच."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि एकेक बटण पाडलं. चौथा थांबला तसा समोरचा दुकानदार दारात येऊन बघायला लागला, घरात कोण वारलं म्हणून. मी सुलूला फोन लावला. तिनं उचलला तसा काही न बोलता फोन थांबलेल्या मागांपुढं धरला. मग डाव्या कानाला लावला.

पलीकडून तिचा आवाज, "आई? लाईट गेली व्हय गं?"

"न्हाय," मी म्हणाले. "लाईट हाय. मी बंद केलेत."

फोन चालू आहे का ते रमेशनं दोनदा बघितलं. चालू होता. मग ती म्हणाली, "बघते." तेवढंच. ठेवला.

"बघते" म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. सक्तीनं तिला आणायची माझी पत राहिलेली नाही. पाळण्याचे आकडे मागाशेजारच्या तुळईत अजून होते, ते काढून मी मागच्या खोलीत ठोकून घेतलेत.

रमेशनं विचारलं, लावू का आता? मी म्हणाले, थांब जरा. शांत कसं असतं ते बघावं म्हटलं. बसून राहिले. पण माझ्या कानात खडखड चालूच होती. ती बंद करायचं बटण रमेशकडं नाही.