तेवीस कोरे दगड

उमाजीराव जगताप निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता, तोवर त्यांनी घरातल्या सगळ्या वस्तूंची मोजदाद संपवली. डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, ट्रंकांवर आकडे घातले, एवढंच काय, परसातल्या नारळांनाही नंबर दिले. मोजणी खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस तो. शिमोगा, तुमकूर, कोलार, जिथं बदली होईल तिथं साखळी टाकायची, हद्दीचे दगड हुडकायचे आणि नकाशावर खूण करायची. १९५७ साली ते बेंगळुरात गवीपुरमच्या घरी कायमचे परतले आणि वसुमतीबाईंना जीव नकोसा झाला. "खात्यानं आणखी दोन वर्षं ठेवून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" असं त्यांनी एकदा तोंडावरच विचारलं.

मग उमाजीरावांनी घराण्याची वंशावळ हाती घेतली.

जगताप घराणं कधीकाळी घोड्यावर बसून इकडं आलं, असं घरात सांगत. घोडी गेली, जमीन गेली. उरलं ते आडनाव आणि हेब्बाळच्या तळ्यापलीकडचा एक माळ. त्यांच्यात पुरायची चाल, आणि सात-आठ पिढ्यांची माणसं त्या माळावर निजलेली. पुरुषांच्या दगडांवर मोडीत नाव, शक आणि महिना कोरलेला. भाऊबंदांतल्या कुणालाच आता मोडी येत नव्हती. उमाजीरावांना ती वडिलांकडून, आप्पाजींकडून आलेली. हे दगड वाचायला आपल्यानंतर कुणी उरणार नाही, म्हणून काम हाती घेतलं, असं ते चारचौघांत सांगत.

खरं कारण वेगळं होतं. त्यांची आई पद्मावती प्लेगाच्या साथीत गेली, तेव्हा ते अडीच वर्षांचे होते. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. तिचा फोटो कधी निघालाच नव्हता. ती त्या माळावर आहे, एवढं मात्र पक्कं ठाऊक. तिचा दगड सापडावा आणि तिच्या नावावरून एकदा बोट फिरवावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पंचावन्न वर्षांच्या पेन्शनराला असली इच्छा बोलून दाखवायची लाज वाटत होती.

त्यांना वाढवलं ठकू आत्यानं. आप्पाजींची ही धाकटी बहीण बालपणीच विधवा होऊन भावाकडं आलेली, आणि भावजय गेल्यावर घर तिच्याच अंगावर पडलं. आता ती सत्तरीच्या पुढं गेली होती. गुडघे धरलेले, जीभ मात्र शाबूत. पुतण्या फुटपट्टी, वही, राखेची पुरचुंडी बांधून निघालेला बघून ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "उमण्णा, मलाही ने की रे. स्वल्प हळू चालीन, पण सगळे दाखवीन."

"आत्या, बस हेब्बाळपर्यंतच जाते. पुढं कोसभर चालायचं. तुझे गुडघे बघ."

"गाडी कर."

"आणि येऊन करशील काय? तिथं सगळं मोडी आहे. तुला वाचता येतं का?"

"वाचायला कशाला लागतं?" ती म्हणाली.

उमाजीरावांना हसू आलं. "सरी, बरं, पुढच्या खेपेला नेतो," म्हणून ते निघाले.

पुढची खेप आली, त्याच्या पुढचीही आली. आत्या दर वेळी विचारायची आणि हे दर वेळी काहीतरी सांगायचे. कधी ऊन, कधी चिखल. एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलंही, "आत्या, आईचा दगड कुठला ग?"

"तिथं नेलंस तर सांगीन. इथं भाजी निवडत बसून कसं सांगू?"

म्हातारी विसरलीय आणि कबूल करायला तयार नाही, असं उमाजीरावांनी धरून चाललं. शहाण्या माणसांची हीच तर खोड असते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

काम मात्र त्यांनी फार नेटकं केलं, हे नाकारता येणार नाही. सकाळचं कलतं ऊन गाठायचं. दगड ओला करायचा, त्यावर चुलीतली बारीक राख चोळायची आणि कोरड्या फडक्यानं अलगद पुसायचं. वरची राख निघून जाई, कोरलेल्या रेघांतली तेवढी राही आणि दीडशे वर्षांचं नाव पांढरं होऊन वर येई. माळाला लागून शेत असलेला शिवाप्पा पाण्याची घागर आणून द्यायचा आणि तोंडात बोट घालून बघत राहायचा. वाचून झालेल्या दगडावर उमाजीराव तांबड्या ऑइलपेंटनं नंबर घालत. चार वर्षांत असे एकतीस दगड झाले. आप्पाजींचा दगड एकतिसावा.

पद्मावती हे नाव मात्र कुठंच निघालं नाही.

माळावर आणखीही दगड होते. बिनघडीचे, कोरे, कुठं उंच, कुठं बुटके. एका वाकड्यातिकड्या रांगेत उभे. एकदोघांवर हळदीचा जुनाट डाग होता, पण खेड्यात लोक हद्दीच्या दगडालाही हळद लावतात, हे उमाजीरावांनी नोकरीत हजारदा पाहिलेलं. त्यांनी त्या दगडांना राख चोळून बघितली, अक्षर निघालं नाही. मग त्यांनी वहीत टिपलं: "याखेरीज कोरे दगड तेवीस. जुन्या हद्दीचे असावेत." ज्याची हयात हद्दीचे दगड हुडकण्यात गेली, त्याला उभा कोरा दगड दुसरा कशाचा वाटणार! खाली त्यांनी नेहमीप्रमाणे सही केली.

१९६२ साली तो माळ एका सरकारी कामाला लागला. नोटीस आली की ज्यांचे दगड असतील त्यांनी महिन्याच्या आत हलवावेत. भाऊबंद हवालदिल झाले, उमाजीराव झाले नाहीत. त्यांच्याकडं वही होती, नकाशा होता, नंबर होते. के. आर. पुरमजवळ समाजाच्या मसणवटीत कोपऱ्यातली जागा मिळाली, शिवाप्पानं चार बैलगाड्या जमवल्या आणि एकतीस दगड गवतात गुंडाळून निघाले. एकाचाही टवका उडाला नाही. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली.

शेवटची गाडी भरल्यावर शिवाप्पा त्या कोऱ्या दगडांकडं बोट दाखवून म्हणाला, "रावसाहेब, आणि हे?"

"ते आपले नव्हेत," उमाजीराव म्हणाले.

शिवाप्पा घुटमळला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण वही ज्याच्या हातात, त्याच्यापुढं शेतकऱ्यानं काय बोलावं? "सरी," म्हणून त्यानं बैल हाकले. पुढल्या महिन्यात कंत्राटदाराच्या माणसांनी ते तेवीस दगड फोडले आणि त्यांची जल्ली, म्हणजे खडी, रस्त्याला घातली.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात आत्यानं हट्टच धरला. नवीन जागा बघायची म्हणजे बघायचीच, आणि तीही नवमीला. पितृपक्षातली ही अविधवा नवमी, घरातल्या गेलेल्या बायकांचा दिवस. वसुमतीबाई बेळगावकडच्या. त्यांच्या माहेरी या दिवशी सवाष्ण जेवू घालत, तेवढंच त्या करत आल्या होत्या. शिवाय बदल्यांच्या गावी जगतापांचा माळ कुठून आणायचा? जगतापांच्या बायका नवमीला माळावर जातात आणि पुरुषानं त्या दिवशी तिकडं फिरकायचं नसतं, हे उमाजीरावांना कानावरून ठाऊक होतं. तिथं त्या करतात काय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आत्याचे गुडघे गेल्यापासून ती चालही बंद पडली होती. या वेळी त्यांनी टॅक्सी केली. आपलं काम तिला दाखवायची हौस त्यांनाही होतीच.

वसुमतीबाईंच्या हातात हळदकुंकवाचं ताट, हिरव्या बांगड्या, चोळीचा खण. आत्या काठी टेकत पुढं. एकतीस दगड सरळ चार ओळींत, नंबरवारीनं उभे. ती पहिल्या ओळीच्या टोकाला गेली, परत आली. दुसऱ्या ओळीत शिरली. मग मधोमध उभी राहिली.

"उमण्णा, हे सगळे पुरुष," ती म्हणाली. "बायका कुठायत?"

उमाजीरावांना प्रश्न कळलाच नाही. कळला तेव्हा त्यांनी वही उघडली, आणि "जुन्या हद्दीचे असावेत" या आपल्याच वळणदार अक्षरांकडं बघत राहिले.

बाईचं नाव दगडावर घालायची रीत जगतापांत नव्हती. ते बायकांच्या तोंडी असायचं. नवमीला आत्या पुढं चालायची. ती विधवा, तिनं कुंकवाला हात लावायचा नाही. तिनं फक्त दगडापाशी थांबायचं आणि नाव घ्यायचं, मग मागून त्या त्या घरच्या सवाष्णींनी कुंकू लावायचं. तिला हे तिच्या आजीनं शिकवलेलं. तेवीस दगड, तेवीस नावं. पंचेचाळीस वर्षं तिनं ती घेतली होती.

"मग आत्ता सांग," उमाजीरावांनी पेन्सिल काढली. "मी लिहून घेतो. सगळी सांग."

आत्यानं डोळे मिटले. "पयली अहल्या. मग तिची सून कृष्णाबाई. मग..." ती थांबली. एक पाऊल उजवीकडं सरकली, पुन्हा मागं आली. "मग तो वाकडा दगड. त्याच्यापाशी गेलं की नाव यायचं रे. पायाला माहीत होतं."

टॅक्सीवाल्याला जास्तीचे पैसे कबूल करून ते तिला हेब्बाळपलीकडं घेऊन गेले. माळ सपाट झाला होता, भोवती तारेचं कुंपण. पहारेकऱ्यानं म्हातारीकडं बघून आत सोडलं. आत्या काठी टेकत चालली, थांबली, पुन्हा चालली. उमाजीराव पेन्सिल धरून मागं. ऐंशीला टेकलेली ती बाई उन्हात तासभर त्या रिकाम्या जमिनीवर फेऱ्या घालत होती आणि ते काही करू शकत नव्हते. पद्मावती सोडून सात नावं आली. आठवं तोंडात आल्यासारखं झालं आणि गेलं. पंधरा बायका, ज्यांना पिढ्यानपिढ्या कुणीतरी वर्षातून एकदा हाक मारत होतं, त्या त्या दिवशी कायमच्या गेल्या. उमाजीरावांनी हे नंतर कितीदा तरी बोलून दाखवलं. मातीनं नव्हे, माझ्या वहीनं त्यांना गाडलं, असं ते म्हणत, आणि समोरच्यानं समजूत घातलेली त्यांना चालत नसे.

"आत्या," त्यांनी शेवटी विचारलं, "आईचा कुठं होता?"

"तिचा कसा विसरेन? इथंच कुठंतरी. सगळ्यांत बुटका." तिनं मांडीच्याही खाली हात धरून दाखवला. "आप्पानं मुद्दाम तेवढाच बसवला. गवंडी म्हणत होता, असा ठेंगणा दगड शोभत नाही. आप्पा म्हणाला, असू दे. मला कुंकू लावता येत नव्हतं, घरात दुसरी बाई नव्हती. तेव्हा तूच लावायचास, लहान पोराला चालायचं. तुझा हात पोचावा म्हणून."

उमाजीराव त्या जागी खाली बसले. त्यांना ते कुंकू आठवत नव्हतं.

आत्या त्याच वर्षी थंडीत गेली. तिचा दगड त्यांनी के. आर. पुरमला बसवला, त्यावर ठकुबाई हे नाव स्वतः मोडीत आखून कोरवून घेतलं. भाऊबंदांनी नाकं मुरडली. त्याखाली त्यांनी आठ नावं कोरवली, आठवं पद्मावतीचं. पुढं जागा सोडायला लावली. गवंड्यानं विचारलं, "आणखी किती यायची आहेत?" उमाजीराव म्हणाले, "पंधरा. पण यायची नाहीत."