साडेचार हजार ओळींचा ऑब्री

ऑब्री केटलवेलने जन्मात एक पुस्तक लिहिलं नाही, धड पत्रही लिहिलं नाही, पण लिहिण्याची तयारी मात्र तेवीस वर्षं केली. नमनाला घडाभर तेल म्हणतात. याने घाणाच विकत घेतला होता.

त्याच्या संगणकावर एक एडिटर होता. तुमच्याआमच्यासारखी माणसं एडिटरमध्ये मजकूर टाइप करतात आणि घरी जातात. पण हा एडिटर आपल्या हाताने हवा तसा घडवता येतो. कुठली कळ दाबली की काय व्हावं, अक्षरं कुठल्या रंगात दिसावीत, हे सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं आणि जगभरच्या हौशी लोकांनी फुकट वाटलेली पॅकेजं, म्हणजे तयार जोड-प्रोग्राम, वर जोडत जायची. ऑब्रीची ती फाइल साडेचार हजार ओळींची झाली होती. त्याच्या शहरात, होबार्टमध्ये, सूर्य मावळला की त्याच्या पडद्याचा रंग आपोआप बदलायचा. खिडकी हाताच्या अंतरावर होती, पण मान वळवायला वेळ कुणाला होता! बायकोने, फिलिपाने, एकदा त्यावर बाजाराची यादी लिहायला घेतली, तर तिसऱ्या शब्दाला पडदा दुभंगला आणि यादीच्या जागी कॅलेंडर आलं. "वापरायची रीत असते," ऑब्री म्हणाला. तेव्हापासून ती पाकिटाच्या पाठीवर यादी करते आणि तिचं काहीही विसरत नाही.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एका पबच्या मागच्या खोलीत असलेच सहा-सात दीडशहाणे जमायचे आणि एकमेकांना आपापल्या फाइली दाखवायचे. त्यातून लिहिलं काय, हे कुणी कुणाला विचारत नसे. ते असभ्य दिसलं असतं. त्यांचा एक रिवाज होता. फाइल इतकी माजली की धन्यालाच कळेना, तर भर बैठकीत 'दिवाळं' जाहीर करायचं. म्हणजे एडिटरचा सगळा फोल्डर सर्वांदेखत पुसायचा आणि कोऱ्या पानापासून नवा संसार मांडायचा. मग टाळ्या आणि वर एक बिअर. ज्याने तीनदा दिवाळं काढलं त्याला तिथे मान होता. ऑब्रीने एकदाही काढलं नव्हतं आणि ते त्याला सलायचं.

ऑब्रीचे वडील अर्न होबार्टच्या खाली सिग्नेट गावात राहायचे. नदीकाठच्या शेडमध्ये साठ वर्षं त्यांनी होड्या बांधल्या. वय सत्त्याऐंशी. ह्यूऑन पाइनच्या फळ्यांची एक लहान होडी शेडमध्ये अर्धवट उभी होती. तिचा कागदावर आराखडा नव्हता. कुठली फळी किती वाफवायची, कुठे किती वाकवायची, सगळं म्हाताऱ्याच्या डोक्यात. हात थरथरू लागले होते, तेव्हा मोठी मुलगी लॉर्ना ती होडी पुरी करणार होती आणि ते सांगत राहणार होते. जानेवारीत डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली. स्वरयंत्र काढायचं, मार्चच्या पहिल्या गुरुवारी. त्यानंतर बोलणं नाही आणि त्या हातांनी लिहिणं तर नाहीच. मध्ये सहा रविवार उरत होते.

लॉर्ना म्हणाली, "फोन ठेवू या समोर आणि बोलू दे त्यांना. झालं."

ऑब्रीला हे अडाण्याचं बोलणं वाटलं. रेकॉर्डिंगमध्ये शब्द शोधता येत नाही, विषयाला विषय जोडता येत नाही, असं त्याने तिला समजावलं. तो स्वतः टाइप करून घेणार होता. त्यासाठी नोंदी ठेवण्याचं एक नवं पॅकेज त्याने हेरून ठेवलं होतं.

पहिले दोन रविवार त्या पॅकेजने खाल्ले. म्हातारा स्टुलावर बसून चहा पीत राहिला आणि ऑब्री मथळ्यांचे रंग ठरवत राहिला. पण पुढचे तीन रविवार, खोटं कशाला बोला, चांगले गेले. अर्न एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारे. त्यांना कंठ फुटला तो कंठ जायच्या वेळी. फळ्यांपासून सुरुवात झाली आणि बोलणं ऑब्रीच्या आईपर्यंत गेलं. तिला त्यांनी पहिल्यांदा होडीत बसवलं तेव्हा होडी गळत होती, आणि ती सरळ बूट काढून बुटानेच पाणी उपसत बसली. ऑब्रीची बोटं पळत होती आणि डोळे भरून येत होते. साठ-सत्तर पानं झाली. जन्मात पहिल्यांदा त्या एडिटरमध्ये कुणीतरी काहीतरी लिहीत होतं.

सहाव्या रविवारी घोडं अडलं. ऑब्रीने सकाळी सगळी पॅकेजं अद्ययावत केली होती. का? नवी आली होती म्हणून. एडिटर उघडला तो लाल अक्षरांत बोंबलतच. दुपारभर ऑब्री खाली मान घालून बसला. वडिलांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"राहू दे रे," शेवटी ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मागच्या फळीचा सांधा तेवढा राहिलाय. बुधवारी हॉस्पिटलात सांगतो."

मंगळवारी ऑब्री तणतणत पबमध्ये गेला. सगळा दोष त्याने फाइलवर टाकला; नाचता येईना अंगण वाकडं. उभं राहून त्याने दिवाळं जाहीर केलं आणि आख्खा फोल्डर पुसला. टाळ्या पडल्या. कुणीतरी पाठ थोपटली. ती बिअर त्याला फार गोड लागली.

वडिलांच्या नोंदी त्याच फोल्डरमध्ये होत्या. नवं पॅकेज आधी इथेच चालवून बघू, मग नोंदी नीट जागी हलवू, असं त्याने ठरवलं होतं आणि हलवायचं राहून गेलं होतं. फाइलमधला प्रत्येक बदल तारीखवार जपणारी व्यवस्था त्याच्याकडे होती. पण आपल्या फाइलचा इतिहास स्वच्छ राहावा, त्यात घरगुती मजकूर मिसळू नये, म्हणून नोंदींच्या फाइलचं नाव त्याने 'या गोष्टी जपू नकोस' अशा यादीत घातलं होतं. घरच्या बॅकअपमधून तर हा फोल्डर त्याने कधीच वगळला होता. तो काय, दुसरीकडे जपलेला होताच की.

बुधवारी सकाळी हे लक्षात आलं तेव्हा त्याने जपलेल्या प्रतीकडे धाव घेतली. जपलेलं सगळं एका मिनिटात परत आलं. तेवीस वर्षांच्या साडेचार हजार ओळी आल्या, कुठल्याशा जुन्या साली एक स्वल्पविराम बदलला होता त्याची नोंदसुद्धा आली. वडील आले नाहीत. मग पुसलेल्या फाइली खणून काढणारे प्रोग्राम आणून तो दिवसभर डिस्क उकरत बसला. बैल गेला आणि झोपा केला.

पाच वाजता लॉर्नाचा फोन आला. "बाबा वाट बघतायत तुझी. सांधा सांगायचाय म्हणतात."

"येतो गं, दहा मिनिटांत."

"मी घेऊ का लिहून?"

"नको, माझ्या नोंदींत घोळ होईल," ऑब्री म्हणाला. कुठल्या नोंदींत, असं स्वतःला विचारायचं त्याला त्या क्षणीही सुचलं नाही.

तो आठला पोचला. भेटीची वेळ संपली होती आणि म्हाताऱ्याला झोपेचं औषध दिलं होतं. बाहेर बाकावर लॉर्ना बसली होती. तिने विचारलं होतं, पण बाबा म्हणाले होते, ऑब्रीकडे मागचं सगळं आहे, त्यालाच सांगतो. ऑब्रीने तिला काही सांगितलं नाही. पडदा नीट करण्यात तो पटाईत होता, तोंड उघडण्यात नव्हता.

एप्रिलमध्ये अर्न घरी आले. गळ्याला पांढरी पट्टी, हात पहिल्याहून थरथरते. लॉर्नाने शिंपल्यांचं सारण भरलेल्या पेस्ट्र्या गरम केल्या, सगळे शेडमध्ये बसले आणि म्हाताऱ्याने ऑब्रीच्या संगणकाकडे बोट केलं. वाचून दाखव. लॉर्नानेही करवत खाली ठेवली.

ऑब्रीने एडिटर उघडला. शोधता येतं म्हणाला होता ना, म्हणून त्याने वडिलांचं नाव शोधलं. साडेचार हजार ओळींत आणि त्यांच्या भोवतालच्या सगळ्या पसाऱ्यात ते एकाच ठिकाणी सापडलं: जपू नयेत अशा गोष्टींच्या यादीत, खालून दुसऱ्या ओळीत. पडद्यावर तेवढंच उमटलं, सुरेख निळ्या रंगात. अर्न.

म्हाताऱ्याने चष्मा लावला. स्वतःचं नाव वाचून चेहरा उजळला. त्यांनी ऑब्रीच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि बोटाने खूण केली, खाली घे, पुढचं दाखव.