सही केलेली पाने

वॉर्डची इन्चार्ज होण्यासाठी पदवी हवी, म्हणून बावीस वर्षांच्या नोकरीनंतर सिस्टरांनी कॉलेजात नाव घातले आणि पहिल्याच परीक्षेत त्या नापास झाल्या. आता पुन्हा गाडी अडली, तर ती जागा दुसरीला मिळणार होती. अभ्यासाचे पुस्तक त्यांनी तीनदा वाचले होते. प्रत्येक पानाच्या तळाशी, केसपेपरवर करतात तशी, तारखेसह सहीही होती.

"आई, हे पान काय सांगतं?" मुलीने पानावरचा मजकूर हाताने झाकून विचारले.

"वाचलंय ना! सही दिसत नाही?"

"सही दिसते गं, पण डोक्यात काय उरलंय?"

सिस्टर भडकल्या. "मला शिकवू नकोस!"

"नवा पेशंट आला की नुसती सही करून पुढे जातेस का?"

"वेडी आहेस? कुठे दुखतंय, कधीपासून, आधी काय झालं होतं, सगळं खोदून विचारते."

"मग या परिच्छेदालाही विचार."

सिस्टरांनी धुसफुसत समासात एक प्रश्न लिहिला. उत्तर सापडेना, म्हणून दुसरा लिहिला. एका पानाला पाऊण तास लागला.

"काय मेला पेशंट आहे!" त्या वैतागून म्हणाल्या. "दहा प्रश्न विचारावेत, तेव्हा एक लक्षण सांगतो. थांब, याला सोडतच नाही मी."