लढाई थांबली त्या संध्याकाळी

नर्सनं दंडाला स्पिरिट लावलं की त्या वासानं मला कांचघर मोहल्ल्यातलं आमचं घर आठवतं. लढाईचे दिवस होते, लष्करी सामानाच्या फॅक्टरीत नवऱ्याला डबल ड्युटी. घरी आले की रम घ्यायचे. "काहून पिऊन राहिले रोज?" विचारलं, तर म्हणायचे, "डोक्याला ताण आहे गं. लढाई संपू दे, थेंबाला शिवणार नाही." मी विश्वास ठेवला, पिण्यावरून बोलणाऱ्या सासूबाईंशी त्यांच्यासाठी भांडले. मग रेडिओवर लढाई थांबल्याचं ऐकलं आणि मी आनंदानं ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना लावलेले काळे कागद फाडून काढले. उन्हं कलताना ते हसत आले, हातात नवी बाटली. म्हणाले, "आज तो खुशी का दिन है, आज कसा नाही म्हणू?" ते जाऊन वर्षं झाली. त्यांचं पिणं मी माफ केलं. ते हसणं नाही.