आईचा चौकोन हिरवा

माणसाला बसपर्यंत, रिक्षापर्यंत, दवाखान्यापर्यंत किती सहज पोचता येतं, हे मोजायची माझी नोकरी. नांदेडच्या ऑफिसात बसून शहराच्या नकाशाचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकाला मार्क द्यायचे. थांबा किती लांब, गाडी किती वेळानं येते, गाडीत जागा असते का. कशाला किती वजन द्यायचं ते आम्हीच ठरवणार. बेरीज चांगली आली की चौकोन हिरवा, नाहीतर लाल.

लातूरचं काम आलं तेव्हा मी हरखलो. आई तिथंच, औसा रोडच्या बाजूला, एकटी राहायची. तिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा शेअर रिक्षानं डायलिसिसला जायची. नांदेडला चल म्हटलं की, "तिथं मला कोण वळखतंय?" म्हणायची. तिच्या कोपऱ्यावर मी स्वतः दोन दिवस वही घेऊन उभा राहिलो. पाच-सात मिनिटाला एक रिक्षा, आणि जवळपास प्रत्येकीत एक जागा रिकामी. आईचा चौकोन हिरवागार निघाला.

आणि नेमकी तेव्हाच ती खाडे करायला लागली.

"आज जमलं न्हाई रे. रिक्षा भरूनच यायल्यात."

"भरून कशा? मी मोजल्यात!"

"असतील बाबा. मला काय जागा भेटली न्हाई. तासभर हुबी हुते."

"आई, निमित्तं सांगू नको. सुया टोचून घ्यायचा कंटाळा आलाय तुला, सरळ सांग ना!"

तिनं फोन ठेवून दिला. एवढ्यावर थांबावं की नाही? पण माझ्या अंगात अक्कल मावत नव्हती. रविवारी लॅपटॉप घेऊन लातूर गाठलं आणि तिला नकाशा दाखवला. तिनं चष्मा पुसला, पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्यो आपला?"

"हाव."

"लई हिरवा हाय की."

त्यानंतर तिनं एकही खाडा केला नाही. आकडे दाखवले की माणूस ऐकतं, असं मी बायकोला ऐटीत सांगितलं.

चार महिन्यांनी आई गेली. झोपेतच गेली. तिसऱ्या दिवशी एक रिक्षावाला भेटायला आला, पन्नाशीचा असेल. दारात चपला काढून आत आला.

"भाऊ, मावशी माझ्याच गाडीनं जायच्या. आधी आधी सोडून द्यायच्या. मागची शीट भरलेली दिसली की म्हणायच्या, जा बाबा तू. पुढं माझ्याशेजारी कोण बाईमाणूस बसतंय? मंग एक दिवस सोताच पुढं चढल्या. म्हणलं, मावशी, थांबा, मागून येईल दुसरी. तर म्हणल्या, न्हाई, लेक रागावतो."

"मग दर वेळी पुढंच?"

"मागं जागा नसली की पुढंच. पदर तोंडावर घ्यायच्या अन् बाहेर बघत बसायच्या. मी अंग चोरायचो भाऊ, पण जागाच केवढी असती?"

माझ्या वहीतल्या रिकाम्या जागा बहुतेक सगळ्या पुढच्या, ड्रायव्हरशेजारच्या होत्या. आमच्या घरातली एकही बाई तिथं कधी बसली नाही. बहिणी, बायको मागं बसाव्यात म्हणून मीच पुढं बसत आलो. जन्मभर माहीत असलेली गोष्ट, आणि मोजताना मला ती आठवली नाही. आग लागो त्या शिक्षणाला!

चारचौघांत वडिलांच्या शेजारीसुद्धा न बसणारी माझी आई, मी रागावू नये म्हणून परक्या माणसाच्या मांडीला मांडी लावून दवाखान्यात जात होती. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी मी फोन करायचो.

"मिळाली ना रिक्षा?"

"मिळाली रे. लगेच मिळाली."

"बघ, मी सांगत नव्हतो?" मी म्हणायचो. दर वेळी म्हणायचो.