गव्हाचं सत्त्व

धाकट्या बहिणीचं रक्त वाढवायचं काम आईनं माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि स्वतःला अर्धी डॉक्टरीणच समजत होते. ती नऊ वर्षांची. नखं पांढरीफटक, पोट सारखं बिघडलेलं, जिना चढताना दोनदा बसायची. डोंबिवलीतल्या आमच्या डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं होतं. दात काळे पडू नयेत म्हणून ते पपईच्या पानाच्या देठानं ओढून प्यायचं. पिऊन झालं की मी हुकूम सोडायची, "जीभ दाखव." जीभ काळी दिसली तरच मी खरं मानायची.

महिने गेले तरी रक्त वाढेना. मग ताकदीसाठी मी गव्हाचं सत्त्व सुरू केलं. रेशनचे गहू निवडून तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे. खाली बसलेला साका दुधात शिजवून वाटीभर तिच्यापुढे ठेवायचा. ती म्हणायची, "ताई, पोटात दुखतं गं." मी म्हणायची, नाटकं करू नकोस. वर दोन पोळ्या समोर बसून खायला लावायची.

एकदा ती शेजारच्या, मिठागरावर कामाला जाणाऱ्या बाईंच्या ओटीवर सापडली. तांदळाची भाकरी खात होती, आणि आमची सत्त्वाची वाटी त्यांच्या कोंबड्यांपुढे रिकामी पडलेली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. बाई म्हणाल्या, "मारू नको गो बाय. गहू सोसत नाय पोरीला. भात खाते तवा बरी असते." मी म्हटलं, "आमच्या घरात शिकलेली माणसं आहेत." हे वाक्य आठवलं की अजून लाजेनं कान तापतात. तिचं तिथं जाणं मी बंद केलं.

दोन वर्षांनी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि गहू पार बंद करायला सांगितला. गव्हानं हिचं आतडं बिघडतं, मग लोह अंगी लागणार कसं, म्हणाले. औषध तेच ठेवलं. भातावर आणि तांदळाच्या भाकरीवर काही महिन्यांत तिची नखं गुलाबी झाली. शेजारच्या बाईंना सांगायला जायचं मी रोज ठरवायची आणि जायची नाही. त्या दिसल्या की नजर चुकवायची.

बहिणीची तरी माफी मागावी म्हणून एका दुपारी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती औषध पीत बसली होती. मी शब्द जुळवत होते. तिनं देठ खाली ठेवला, आणि मी तोंड उघडायच्या आत मुकाट्यानं जीभ बाहेर काढून दाखवली.